गडावरची गरम भाकरी

रविवारी सहलीला जायचं ठरलं, की घरात सगळ्यांच्या आधी कोण उठतं? अर्थात तुम्ही! पहाटे चारचा गजर. मग पुऱ्या, बटाट्याची भाजी, दशम्या, दहीभात, मुलांसाठी काहीतरी गोड आणि सासूबाईंसाठी कमी तिखटाचं वेगळं काढून ठेवलेलं. 'चला, चला, उशीर होतोय' असा घोष करत घरची मंडळी उठतात, तोवर तुमची एक पाळी भरून झालेली असते. पुढे झाडाखाली सतरंजी अंथरायची, सगळ्यांना वाढायचं, उरलंसुरलं आपण खायचं आणि रात्री घरी आल्यावर तेलकट डबे घासत बसायचं. 'किती छान झाली नाही सहल?' असं कोणी म्हटलं, की तुम्ही हसून मान डोलावता. काय करणार!

म्हणूनच मैत्रिणींनो, या खेपेला मी तुम्हाला अशी सहल सुचवणार आहे, जिथे डबा न्यायचाच नाही. पाण्याच्या बाटल्या, थोडे शेंगदाणे-गूळ आणि एक शाल, बस्स. जेवायचं डोंगरावर, चुलीजवळ बसून, समोर दऱ्याखोरी पाहत. आणि मुख्य म्हणजे भाकरी दुसऱ्या कोणीतरी भाजायची आणि तव्यावरची गरम गरम तुमच्या ताटात पडायची.

ठिकाण तुमच्या ओळखीचंच आहे. पुण्याचा सिंहगड.

'इश्श, सिंहगड काय, शाळेच्या सहलीला गेलो होतो की!' असं म्हणून पान उलटू नका. शाळेत असताना आपण गड पाहतो, पण जेवण समजायला संसारच करावा लागतो. रोज दोन वेळा पोळपाटाशी उभी राहणारी बाई तिथल्या पिठलं-भाकरीकडे ज्या डोळ्यांनी पाहील, तसं ना कॉलेजची मुलं पाहतील, ना आपली पुरुषमंडळी.

वर जायचं कसं?

सिंहगड पुण्याच्या नैर्ऋत्येला, शहरातून निघालं तर साधारण तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. वाटेत खडकवासल्याचं धरण लागतं. समुद्रसपाटीपासून गडाची उंची आहे १३१२ मीटर आणि पुणं आहे ५६० मीटरच्या आसपास. म्हणजे आपण शहरापेक्षा साडेसातशे मीटर वर जातो. उंचीबरोबर हवा गार होत जाते, त्यामुळे गडावर खालच्यापेक्षा चार-पाच अंशांचा तरी फरक पडतो. त्यात अंगावर येणारा वारा! एप्रिलमध्येसुद्धा पहाटे वर पोचलात तर पदर घट्ट लपेटून घ्यावासा वाटेल.

वर जायच्या दोन वाटा. स्वारगेटहून पायथ्यापर्यंत बस जाते. तिथे आतकरवाडीतून पायवाट चढते. पुण्याची हौशी मंडळी ती पाऊण तासात चढतात. आपण त्यांच्याशी शर्यत लावायची नाही. बसत, दम खात, लिंबू-सरबत पीत दीड-दोन तासांत चढायचं. चढ सुमारे सहाशे मीटरचा आहे, तेव्हा गुडघे कुरकुरत असतील तर हट्ट नको. दुसरी वाट घाटाची. मोटार किंवा स्कूटर थेट पुणे दरवाजाच्या खालपर्यंत जाते. वनखात्याच्या नाक्यावर वाहनाची पावती फाडावी लागते. वाहनतळापासून पुढे पायऱ्या आहेतच, पण सासूबाईंनासुद्धा हात धरून नेता येईल.

साडी नेसायची तर सुती आणि थोडी वर खोचून. पंजाबी ड्रेस असेल तर उत्तमच. पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट हवेत. उंच टाचा घरी! पावसाळ्यात दगड शेवाळलेले असतात आणि घाटात दरड कोसळली की रस्ता बंद ठेवतात, तेव्हा त्या दिवसांत आधी चौकशी केल्याशिवाय निघू नका. आणि एक गोष्ट बायकांनी बायकांना सांगायलाच हवी. स्वच्छतागृहाची सोय खाली पायथ्याशी असतानाच पाहून घ्या. वर रविवारच्या गर्दीत ती शोधत फिरायची वेळ आली, तर दरीकडे बघायचं सुख निम्मं होतं.

आधी गड, मग जेवण

पुणे दरवाजाने आत शिरलात की भज्यांचा वास नाकात शिरेल आणि पोरं 'आई, भूक!' म्हणू लागतील. त्यांच्या हातावर शेंगदाणे ठेवा आणि आधी गड हिंडून घ्या. जेवण झाल्यावर उन्हात पाय उचलत नाहीत हा एक भाग. दुसरा असा, की भाकरीची चव भुकेवर ठरते.

या गडाचं नाव पूर्वी कोंढाणा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी कडा चढून तो घेतला आणि तिथेच ते धारातीर्थी पडले. त्यांची समाधी वर आहे, तो कडाही दाखवतात. छत्रपती राजाराम महाराजांचा अंतही इथेच १७०० साली झाला. त्यांचंही समाधिमंदिर आहे. लोकमान्य टिळक उन्हाळ्यात येऊन राहत तो बंगला वाटेतच लागतो. मुलांना तिथल्या तिथे गोष्ट सांगितली की पुस्तकातले चार धडे वाचल्याचं काम होतं.

आता नजारा. उत्तरेकडच्या काठावर उभ्या राहिलात तर खाली खडकवासल्याचं पाणी पसरलेलं दिसतं. पावसाळा सरता सरता ते काठोकाठ असतं आणि मे महिन्यात त्याची कड मातीच्या रंगाची होऊन आत सरकलेली असते. पुण्याच्या घरात तुम्ही सकाळी नळ सोडता ना, ते पाणी तिथून येतं. पलीकडे धुरकट पट्टा दिसतो ते शहर. उलट्या अंगाला कल्याण दरवाजाकडे गेलात, की शहराचा मागमूस नाही. डोंगरामागे डोंगर आणि त्यांत राजगड नि तोरणा ओळखता येतात. हिवाळ्यात सकाळी हवा स्वच्छ असली तर बोटाने दाखवता येतील इतके ठळक. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र धुकं असं उतरतं, की शेजारी उभी असलेली नणंदही दिसत नाही! काहींना तेच आवडतं.

आणि देवटाकं बघायला विसरू नका. गडावर नदी नाही. खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांत देवटाक्याचं पाणी गोडीसाठी पूर्वीपासून नावाजलेलं. खडकातल्या त्या पाण्यामुळेच तर एवढ्या उंचीवर शिबंदी राहू शकली. जेवायला बसाल तेव्हा हे पाणी आठवा. का, ते पुढे सांगते.

बसा ताई, गरम टाकते

भूक लागली? आता चला.

इथलं हॉटेल म्हणजे तुमच्या-आमच्या डोळ्यांसमोर येतं तसं नाही. वर पत्रा किंवा गवताचं छप्पर, खाली सारवलेली जमीन नाहीतर चटई, एखादं बाकडं. कोपऱ्यात चूल आणि तिच्यासमोर बसलेली एक मावशी. खाद्ययादी तोंडी. पिठलं, भाकरी, वांग्याचं भरीत, लसणीची चटणी, मिरचीचा ठेचा, कांदाभजी, मडक्यातलं दही, ताक. संपलं!

आल्या आल्या 'लवकर आणा हं' म्हणू नका. इथे काही करून ठेवलेलं नसतं, तीच तर खुबी आहे. तुम्ही सांगितल्यावर मावशी पीठ घेते. चुलीच्या बाजूला वैलावर पिठलं रटरटत असतं. भाकरी ज्वारीची, बाजरीची किंवा तांदळाची. कुठे नाचणीचीही मिळते. मिळाली तर नाचणीची नक्की मागा, कारण भात आणि नाचणी ही या मावळातली खरी पिकं. ज्वारी-बाजरी देशावरून येते.

मावशीचे हात बघत बसा. घरी तुम्हीही भाकरी करता, पण गॅसच्या शेगडीशी उभ्याने. इथे काठवटीत पीठ मळून, गोळा तळहाताने पुढे रेटत तो मऊ केला जातो. ज्वारी-बाजरीच्या पिठाला कणकेसारखा चिवटपणा नसतो, म्हणून लाटण्यापेक्षा ते थापून पसरायचं. दोन्ही हातांवर उचलून तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची. मग तवा बाजूला घेऊन भाकरी निखाऱ्यांच्या तोंडाशी उभी केली, की ती डोळ्यांदेखत टम्म फुगते. वरचा पापुद्रा सुटतो, त्यात धुराचा किंचित वास राहतो. गॅसवर सगळं जमतं, हा वास तेवढा जमत नाही.

पिठल्याबद्दल एक गंमत सांगते. डोंगरावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी १०० अंशांना उकळत नाही. सिंहगडाच्या उंचीवर ते ९६ अंशांच्या सुमारास उकळतं. अशा पाण्यात उघड्या भांड्यात तुरीची डाळ शिजवायची तर जास्त वेळ लागणार आणि जास्त जळण जाणार. बेसन मात्र दहा मिनिटांत शिजतं. डोंगरावरच्या बाईला हे पुस्तकात वाचावं लागलेलं नाही. भाजीपाला टिकत नाही, जळण मोलाचं, पण डाळीचं पीठ डब्यात महिनाभर राहतं आणि चार कांदे नि मिरच्या घातल्या की घरभर माणसं जेवतात. आपल्याकडे पिठलं हे 'आज भाजी नाही' तेव्हाचं जेवण. तिथे तीच मेजवानी.

आणि दही! लहान लहान मडक्यांत विरजलेलं, वर सायीचा जाड थर. मातीचं भांडं सच्छिद्र असतं. दह्यातलं जास्तीचं पाणी ते शोषून घेतं म्हणून दही घट्ट होतं, आणि ते पाणी बाहेरून वाऱ्यावर सुकत राहिल्याने मडकं गार राहतं. फ्रिज नको, बर्फ नको. कोणी साखर घालून खातं, कोणी मीठ. मी म्हणेन, पहिला चमचा नुसताच खा.

पूर्वीपासून हे दही-ताक गडाखालच्या वाड्यावस्त्यांतल्या बायका डोईवर घेऊन वर येत. आजही कल्याण गावाच्या बाजूने किंवा आतकरवाडीच्या वाटेने चढताना अशी एखादी भेटते. आपण हातात नुसती बाटली घेऊन धापा टाकत असतो आणि ती डोईवर पाटी घेऊन 'चला ताई, आलंच' म्हणत पुढे निघून जाते. रायगडच्या हिरकणीची गोष्ट आपण मुलांना सांगतो ना? गडावर दूध घालायला गेलेली, दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या लेकरासाठी कडा उतरून गेलेली गवळण. गोष्टीतला कडा सगळ्यांना आठवतो. पण ती रोज दूध घेऊन गड चढत होती, याचं कोणाला काही वाटत नाही!

एका भाकरीचा हिशेब

एकदा माझ्या शेजारच्या चटईवर एक कुटुंब बसलं होतं. बाई चांगल्या शिकलेल्या, बोलायला गोड. पैसे देताना म्हणाल्या, 'मावशी, भाकरीचे जरा जास्तच लावता हो. एवढ्यात घरी माझ्या चार होतात.'

मावशी रागावली नाही. तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, 'खाली चार व्हत्यात ताई. वर एकच व्हती.'

मला ते फार पटलं. म्हणून गर्दी ओसरल्यावर मी तिच्याजवळ बसून तो हिशेब विचारून घेतला. तोच तुम्हाला सांगते, कारण घरखर्चाचा हिशेब तुम्हालाच कळतो.

पीठ खालून दळून आणायचं. ताजं हवं, कारण ज्वारीचं पीठ जुनं झालं की भाकरी थापताना कडेने चिरते. कांदे, तेल, बेसन सगळं खालून. पूर्वी डोक्यावर यायचं, आता बरंचसं घाटाने गाडीतून येतं, पण गाडीला भाडं पडतं. जळण गोळा करायचं तर रान वनखात्याचं. वाटेल तिथे कोयता चालवता येत नाही. आणि पाणी! पिण्याला, पीठ मळायला, भांडी घासायला, हात धुवायला लागणारं सगळं पाणी कळशी-कळशीने आणायचं. भरलेला हंडा म्हणजे डोक्यावर पंधरा किलोंचं वजन. उन्हाळ्यात टाक्यांतलं पाणी खाली जातं तेव्हा खेपा वाढतात. आपण गडावर चुळा भरून, तोंड धुऊन, उरलेलं पाणी ओतून देतो, ते तिने मानेवर पेललेलं असतं.

'रविवारी किती वाजता उठता?' मी विचारलं.

'चारला.'

ऐकलंत? चारला! रविवारच्या पहाटे तिकडे तुम्ही पुऱ्या तळायला उठता, तेव्हा इकडे तीही उठलेली असते. आपल्या सगळ्यांच्या सुट्टीचा दिवस तोच तिच्या कामाचा. सोमवार ते शुक्रवार गिऱ्हाईक तुरळक, पावसाळ्यात रस्ता बंद झाला की तेही नाही. आठवड्याची सगळी मिळकत दोन दिवसांत.

'आणि मावशी, तुम्ही कधी जेवता?'

ती हसली. 'गिऱ्हाईक सरलं की. तवर भाकर गार व्हती, मग ताकात कुस्करायची.'

मैत्रिणींनो, हे उत्तर मला नवीन नव्हतं. तुम्हालाही नसेल. 'तुम्ही बसा, मी मागून बसते' हे वाक्य आपल्याकडे आईने म्हटलं, सासूने म्हटलं आणि आता आपण म्हणतो. वाढता वाढता शेवटी आपल्या वाट्याला येते ती तळाची, गार, कधी थोडी करपलेली. त्यामुळे गडावर गरम भाकरी आपल्या ताटात पडते तेव्हा आपल्याला सुख होतं ते नुसतं चवीचं नसतं. कोणीतरी आपल्याला 'बसा' म्हणालं, याचं असतं. ते सुख मनसोक्त घ्या, त्यात चोरटेपणा नको. फक्त ते आपल्यासारख्याच एका बाईने दिलेलं आहे आणि ती अजून जेवलेली नाही, एवढं ध्यानात असू द्या.

मग काय करायचं? मोठं काही नाही. भाव आधी विचारून घ्या म्हणजे नंतर कटकट नको, आणि एकदा ठरला की घासाघीस करू नका. शहरातल्या हॉटेलात आपण बिलाखाली मुकाट्याने पैसे ठेवतो, आणि चुलीपुढच्या बाईशी दोन-पाच रुपयांसाठी वाद घालतो, हे काही बरं दिसत नाही. जितकं खाल तितकंच मागा. टाकलेली अर्धी भाकरी पाहून तिला काय वाटत असेल, हे तुम्हाला सांगायला नको. पाणी जपून वापरा. गर्दीत दुपारी एकला जाण्याऐवजी अकरालाच जेवायला बसा. तुम्हाला निवांत मिळेल आणि तिला दम खाता येईल. सुटे पैसे जवळ ठेवा. फोनवरून पैसे देण्याची सवय झाली असली, तरी डोंगरावर त्याचा भरवसा नाही.

गडही राहावा, चूलही राहावी

आता एक नाजूक गोष्ट. सिंहगड हे काही खाऊगल्लीचं ठिकाण नाही, ते ऐतिहासिक स्मारक आहे. गर्दी वाढली तशी छपरं वाढली, त्यांबरोबर कचरा वाढला. भज्यांचे कागद, प्लॅस्टिकच्या बाटल्या, कणसांची बुरकुंडं तटाखाली फेकलेली पाहिली की शरम वाटते. अशा अतिक्रमणांवर वेळोवेळी कारवाई होते. २०२५ साली तर राज्य सरकारने राज्यभरच्या किल्ल्यांवरची अतिक्रमणं काढण्याची मोहीमच हाती घेतली होती. त्यामुळे गडावर झोपड्या कुठे आहेत, किती आहेत, हे दर वर्षी सारखं राहत नाही. निघण्यापूर्वी नुकतंच जाऊन आलेल्या कोणाला तरी विचारून घ्या. वर नाहीच सोय झाली, तर पायथ्याच्या गावांत आणि डोणज्याच्या रस्त्यालाही पिठलं-भाकरी मिळते. मग वर जाऊन गड बघायचा आणि खाली उतरून जेवायचं.

मला विचाराल तर तटाला, दरवाजांना, समाध्यांना खेटून एकही छप्पर नको. पण गडाखालच्या वाड्यांमधल्या बायकांच्या हाताला दुसरं काम कुठे आहे? ठरवून दिलेल्या जागी, नेटक्या छपरांखाली, पाण्याची आणि कचऱ्याची व्यवस्था लावून त्यांना चूल मांडू द्यावी. यात आपलाही वाटा आहे बरं का. आपल्या पिशवीतून वर गेलेली प्रत्येक वस्तू आपल्याच पिशवीतून खाली यायला हवी. मुलांना हे एकदा शिकवलं की ती मोठ्यांना शिकवतात.

घरी करून बघायचं असेल तर

गडावरून आल्यावर घरची मंडळी म्हणणारच, 'तसं पिठलं कर ना!' म्हणून प्रमाण देते. चार जणांसाठी एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी, दोन मोठे कांदे, लसणीच्या आठ-दहा पाकळ्या, चार-पाच हिरव्या मिरच्या, थोडी कोथिंबीर, मोहरी, जिरं, हिंग, हळद, मीठ आणि तीन मोठे चमचे तेल.

लोखंडी कढई घ्या. तेल चांगलं तापवून मोहरी, जिरं, हिंगाची फोडणी करा. त्यात ठेचलेला लसूण नि मिरची लालसर होऊ द्या. मग उभा चिरलेला कांदा मऊ होईपर्यंत परता. हळद घालून पाणी ओता, मीठ घाला. पाण्याला खळखळून उकळी आली की आच कमी करून एका हाताने पीठ वरून पेरत जा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. गुठळ्यांची भीती वाटत असेल तर पीठ आधी वाटीभर पाण्यात कालवून घ्या. ते पाणी तीन वाट्यांतलंच. झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं वाफ येऊ द्या. कच्चा वास गेला की झालं. वरून कोथिंबीर. कढईच्या तळाला धरलेली खरवड टाकू नका. तिच्यासाठी घरात भांडणं होतात! सोबत कांदा हवा, पण सुरीने चिरलेला नको. बुक्कीने फोडा. हे काम यजमानांकडे द्यायला हरकत नाही, त्यांना आवडतं.

दह्यासाठी नवं मडकं एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा, धुऊन वाळवा. साय न काढलेलं दूध उकळून कोमट करा, अर्ध्या लिटरला एक चमचा विरजण लावून मडक्यात ओता आणि रात्रभर हलवू नका. वापरलेलं मडकं साबणाने घासू नका. माती साबण पिते आणि पुढच्या दह्याला त्याचा वास येतो. गरम पाण्याने धुऊन कडकडीत उन्हात वाळवलं की पुरे.

आणि पहिली भाकरी?

जायचं कधी म्हणाल, तर सप्टेंबर अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. पाऊस सरल्यावर गवत हिरवं असतं आणि रानफुलं असतात. डिसेंबर-जानेवारीत दूरचं स्वच्छ दिसतं. एप्रिल-मेमध्ये ऊन सोसत असेल तर भल्या सकाळी जा. करवंदं आणि कैऱ्या मिळतील. रविवारऐवजी यजमानांना मधल्या वारी एखादी रजा काढायला लावा. गड तुमचा एकटीचा होईल आणि त्या दिवशी मावशीलाही गिऱ्हाईक लागलेलंच असतं. नाहीतर सरळ भिशीच्या मैत्रिणी जमवा आणि बसने जा. घरच्यांना एक दिवस वरण-भात लावता येईल, तेवढा विश्वास ठेवायला हवा.

पण वर पोचल्यावर एक जुनी सवय तेवढी खाली ठेवून द्या. पहिली भाकरी आली, की आपला हात आपोआप ती नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या ताटाकडे सरकवतो. गडावर हे करायचं नाही. पहिली आपण घ्यायची, पापुद्रा मोडायचा, वाफ निघू द्यायची, पिठल्याचा घास करायचा आणि दरीकडे बघत सावकाश खायचा. पोरं दोन मिनिटं थांबली तर काही बिघडत नाही.

आणि घरी आल्यावर आठवड्यातला एक वार ठरवून घ्या. त्या दिवशी भाजणारीने आधी जेवायचं. सगळ्यांनी मिळून डब्यात भाकऱ्या साठवायच्या आणि एकदमच पानावर बसायचं, नाहीतर थोरल्या मुलाने नाहीतर लेकीने तव्यापुढे उभं राहायचं. पहिल्या दिवशी भाकरीचा नकाशा होईल. होऊ द्या. पिठल्याबरोबर नकाशासुद्धा गोड लागतो, फक्त तो गरम हवा.